अक्षरं समोर, यादी पडद्यामागे

स्क्रॅबलच्या स्पर्धेत खेळाडूच्या रॅकवर सात टाइल्स लागतात. ए, ई, आय, एन, एस, टी आणि डी. बघणाऱ्याला त्या वाचून होईपर्यंत खेळाडूने 'इन्स्टेड' हा शब्द पटावर मांडलेला असतो, आणि सातही टाइल्स एका दमात संपवल्याबद्दल पन्नास गुणांचा बिंगो खिशात घातलेला असतो. बघणारे म्हणतात, काय इंग्रजी आहे याचं!

दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायचे खेळ आता घराघरांत पोचलेत. स्क्रॅबल जुना झाला. पुढे टीव्हीवर ब्रिटनचा 'काउंटडाउन' आला, मग मोबाइलवर 'स्पेलिंग बी' आणि 'वर्डल' आले. या प्रत्येक खेळात शोधणारा आपल्याला दिसतो. तो ज्या यादीतून शब्द शोधतो ती यादी कुणी केली, कोणता शब्द आत घेतला, कोणता बाहेर ठेवला, आणि त्यावरून केवढे वाद झाले, हे मात्र पडद्याआड राहतं. मुलांच्या पुरवणीसाठी मी अशी अक्षरकोडी तयार करते. या कामात माझा बहुतेक वेळ यादीवरच जातो, म्हणून या जगातले किस्से मी मन लावून गोळा केलेत. त्यांतले काही इथे सांगते.

वर्तमानपत्रातली अक्षरं मोजणारा आर्किटेक्ट

1931 साल. अमेरिकेत महामंदी ऐन भरात होती. ॲल्फ्रेड मोशर बट्स या न्यूयॉर्कच्या आर्किटेक्टची नोकरी गेली. हाताशी वेळच वेळ होता आणि डोक्यात एक खेळ घोळत होता, ज्यात निम्मं नशीब असेल आणि निम्मं कौशल्य. त्याने बाजारातल्या खेळांचा पद्धतशीर अभ्यास केला. फाशांचे आणि आकड्यांचे खेळ खूप होते, बुद्धिबळासारखे सोंगट्या हलवायचे खेळही होते. शब्दांच्या खेळांचा कोपरा तेवढा मोकळा होता.

पण शब्दांचा खेळ करायचा तर कोणतं अक्षर किती वेळा द्यायचं? सगळी सारखी दिली तर खेळाडूच्या हाती नुसते क्यू आणि झेड येत राहणार. बट्सने 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या वर्तमानपत्रांची पानं पुढ्यात घेतली आणि एकेक अक्षर मोजायला बसला. कागदावर रेघा ओढून, मजूर हजेरी मांडतात तशी नोंद. त्या मोजणीतून वाटणी ठरली. ई बारा, ए आणि आय प्रत्येकी नऊ. जे, के, क्यू, एक्स आणि झेड प्रत्येकी एकच. दोन कोऱ्या टाइल्स धरून एकूण शंभर. इतकी वर्षं लोटली, इंग्रजी स्क्रॅबलच्या पिशवीत आजही हीच वाटणी चालते. एका बेकार माणसाची मोजणी एवढी नेमकी उतरली.

खेळ मात्र विकला जात नव्हता. आधी त्याचं नाव 'लेक्सिको' होतं, मग 'क्रिस-क्रॉस वर्ड्स'. खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी एकामागून एक नकार दिले. बट्स स्वतःच नकाशे काढायच्या साहित्याने पट आखायचा आणि ओळखीपाळखीच्यांना द्यायचा. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागातल्या एका चर्चच्या सभागृहात हे डाव रंगायचे. त्याची बायको निना आधी शाळेत त्याची शिक्षिका होती. ती या खेळात त्याला हरवायची, हे बट्स स्वतःच सांगायचा.

1948 मध्ये जेम्स ब्रुनो या गृहस्थाने खेळाचे हक्क घेतले आणि 'स्क्रॅबल' हे नाव नोंदवलं. कनेटिकट राज्यात डॉजिंगटाउन नावाच्या वस्तीत शाळेची एक जुनी इमारत होती. तिथे घरच्यांनी मिळून खेळाचे संच भरायला सुरुवात केली. 1949 मध्ये 2,400 संच झाले आणि हिशोब केला तर 450 डॉलरचा तोटा निघाला. नेटाने चालू ठेवलं. 1952 च्या सुमारास मेसीज या मोठ्या दुकानाच्या अध्यक्षांनी सुट्टीत हा खेळ खेळला, परत येऊन बघतात तर आपल्याच दुकानात तो नाही! त्यांनी मोठी मागणी नोंदवली आणि चक्रं फिरली, असं सांगतात. 1954 पर्यंत विक्री लाखांच्या घरात गेली होती. आज जॅक्सन हाइट्समधल्या त्या चर्चपाशी रस्त्याच्या नावाच्या पाटीवर प्रत्येक अक्षराखाली त्याचे स्क्रॅबलमधले गुण लिहिलेले आहेत.

एसचा बंदोबस्त

बट्सच्या वाटणीत एक गोष्ट मोजणीला धरून नाही. इंग्रजीत एस हे अक्षर भरपूर येतं, तरी पिशवीत एसच्या टाइल्स चारच आहेत. हे त्याने जाणूनबुजून केलं. इंग्रजीत बहुतेक नामांना एस लावला की अनेकवचन तयार, बहुतेक क्रियापदांना लावला की त्यांचंही एक रूप तयार. एस मुबलक दिले असते तर दुसऱ्याच्या शब्दाला शेपूट लावून गुण कमवायचा धंदाच सुरू झाला असता.

पुढे ऐंशीएक वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा आला. 2014 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या रविवारच्या मासिकात फ्रँक लाँगो या कोडीकाराचं 'स्पेलिंग बी' सुरू झालं आणि 2018 मध्ये ते सॅम एझर्स्की यांच्या संपादनाखाली मोबाइलवर आलं. मधमाशीच्या पोळ्यासारख्या सहा घरांत सहा अक्षरं, मधोमध सातवं. शब्द किमान चार अक्षरांचा हवा, मधलं अक्षर त्यात आलंच पाहिजे, आणि कुठलंही अक्षर कितीही वेळा वापरायला मोकळीक. सातही अक्षरं वापरणारा शब्द म्हणजे 'पॅनग्रॅम', त्याला जादा गुण. या कोड्यात एस घेतच नाहीत म्हटलं तरी चालेल, कारण तो आला की यादी फुगून दुप्पट होणार. बट्सने एसवर रेशन लावलं होतं, इथे त्याला दारातच थोपवलं.

कोडं आतून कसं घडतं

सोडवणाऱ्याला कोडं अक्षरांपासून सुरू होतं असं वाटतं. करणाऱ्याकडे ते उलट सुरू होतं. आधी असा शब्द शोधायचा ज्यात सात वेगवेगळी अक्षरं आहेत. 'फॅक्टरी' घ्या. एफ, ए, सी, टी, ओ, आर, वाय. सात अक्षरं, एकही दुबार नाही, एसही नाही. पॅनग्रॅम हातात आला.

आता मधलं अक्षर कोणतं ठेवायचं, यावर सगळं कोडं उभं राहतं. टी मध्ये ठेवला तर दार सताड उघडतं: 'ॲक्टर', 'फॅक्टर', 'ट्रॅक्टर', 'कॅरट', 'अट्रॅक्ट', 'क्राफ्ट', 'फॉर्टी', 'रोटरी', 'टॅटू'. पाचवीतल्या मुलालाही आठ-दहा सापडतात. वाय मध्ये ठेवला की 'ट्रॅक्टर' आणि 'कॅरट' बाद होतात. 'कॅरी', 'ॲरे', 'क्राफ्टी' राहतात, म्हणजे शेवटाकडून विचार करणाऱ्याला फायदा. एफ मध्ये ठेवला तर यादी आणखी आखडते: 'फॅक्ट', 'राफ्ट', 'फोर्ट', 'रूफ', 'फोरे'. अक्षरं तीच सात, पण मधलं बदललं की कोड्याचं वय बदलतं. मुलांसाठी करायचं तर मी टी निवडते.

आमच्या कामात एक त्रिकूट फार जपून हाताळावं लागतं. आय, एन आणि जी एकाच कोड्यात आले की प्रत्येक क्रियापद आपलं -इंग रूप घेऊन हजर होतं. सोडवणाऱ्याला शब्द सापडतात खूप, पण शोधल्याचा आनंद मिळत नाही, कारण तो एकच युक्ती पुन्हा पुन्हा वापरत असतो. -ईडी ही जोडीही तशीच.

सगळ्यात वेळखाऊ काम यानंतरचं. कोशातून निघालेल्या शब्दांतले 'सर्वांना माहीत असलेले' शब्द वेगळे काढायचे. माझ्या यादीतला एखादा शब्द नागपूरच्या मुलाला सोपा असतो, कणकवलीच्या मुलीने तो कधी ऐकलेला नसतो. शब्द ठेवताना आणि काढताना समोर कोण बसलंय याचा विचार करावा लागतो. म्हणूनच पुढे 'वर्डल'साठी शब्द निवडणाऱ्या पलक शाह यांचा किस्सा सांगणार आहे, तो मला फार जवळचा वाटतो.

सहा अक्षरांचं सोनं

आता स्पर्धेच्या खोलीत जाऊ. 1978 मध्ये अमेरिकेत स्क्रॅबल खेळाडूंसाठी पहिला अधिकृत कोश निघाला. त्याआधी 'हा शब्द आहे' आणि 'हा शब्द नाही' यावर घरोघरी भांडणं व्हायची, आणि ज्याच्या घरी डाव त्याच्या घरचा कोश खरा मानला जायचा. नव्या कोशासाठी अमेरिकेतले प्रचलित महाविद्यालयीन कोश एकत्र ताडून पाहिले गेले, आणि त्या खर्डेघाशीत खेळाडूंनीही हातभार लावला.

कोश हाती आल्यावर खेळाडूंनी त्यातून स्वतःच्या याद्या काढल्या. न्यू मेक्सिकोमधल्या ॲल्बकर्कीचा माइक बॅरन हा त्यांतला मोठा माणूस. त्याने एक साधा पण भेदक प्रश्न विचारला: रॅकवर कोणती सहा अक्षरं राखून ठेवली, तर सातवं कुठलंही आलं तरी शब्द होण्याची शक्यता सर्वांत जास्त? अशा सहा अक्षरांच्या संचाला खेळाडू 'स्टेम' म्हणतात. बॅरनने स्टेम्सची उपयोगानुसार क्रमवारी लावली. वरचा मान मिळाला एस, ए, टी, आय, एन, ई या संचाला.

तो हाती असताना डी आला तर 'इन्स्टेड', 'डिटेन्स', 'स्टेन्ड'. आर आला तर 'रिटेन्स', 'रेटिनाज', 'नॅस्टिअर'. जी आला तर 'सीटिंग', 'टीझिंग'. के आला तर 'इनटेक्स', एम आला तर 'इनमेट्स', व्ही आला तर 'नेटिव्ह्ज', आणि अवघड झेड आला तरी 'झेनिएस्ट'. या सहांसोबत जवळपास प्रत्येक अक्षराचा निदान एक शब्द निघतो. म्हणून कसलेला खेळाडू चार गुण कमी घेऊन हा संच हातात जपतो आणि योग्य टाइलची वाट बघतो.

पाठांतराची रीतही ठरलेली आहे. खेळाडू शब्द पाठ करत नाहीत, अक्षरांचा गठ्ठा पाठ करतात. रॅकवरची अक्षरं आधी वर्णानुक्रमाने लावायची: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. याला 'अल्फाग्रॅम' म्हणतात. अक्षरं कशीही विस्कटून आली तरी त्यांचा अल्फाग्रॅम एकच असतो, आणि त्या एका कुलपाला कोणकोणते शब्द लागतात ते मुखोद्गत असतं. शाळेत पाढे म्हणताना मूल जसं मोजत नाही, तसा हा खेळाडूही शोधत नाही. त्याला आठवतं.

सायकलवरचा विश्वविजेता

या आठवण्याचा कळस म्हणजे न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. हा खेळ त्याला आईने शिकवला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. शाळेत त्याचं इंग्रजी यथातथाच होतं, त्यामुळे हा खेळ तरी त्याला जमणार नाही असं आईला वाटलं होतं. 1997 मध्ये राष्ट्रीय स्पर्धा डनेडिनला होती. रिचर्ड्स क्राइस्टचर्चहून रातोरात सायकल मारत तिथे पोचला, स्पर्धा जिंकला आणि सायकलनेच परत गेला. लांबच्या सायकलफेरीत तो वाचलेल्या याद्या मनातल्या मनात उजळतो.

त्याचा एक डाव जगभरच्या खेळाडूंच्या तोंडी आहे. रॅकवर सी, डी, एच, एल, आर, एन आणि एक कोरी टाइल. पटावर ई मोकळा होता. दुसरा कुणीही चांगला खेळाडू कोऱ्या टाइलचा आय करून 'चिल्ड्रन' मांडतो आणि बिंगो घेतो. रिचर्ड्सने पटावर एकमेकांपासून सुटे पडलेले दोन ओ आणि तो ई पाहिला, कोऱ्या टाइलचा वाय केला, आणि त्या तिन्ही अक्षरांना ओवत दहा अक्षरी 'क्लोरोडाइन' मांडला.

क्लोरोडाइन हे एकोणिसाव्या शतकातलं औषध. ते तयार केलं होतं जॉन कॉलिस ब्राउन यांनी, आणि ते भारतातल्या ब्रिटिश सैन्यात डॉक्टर होते. पटकीवर उतारा म्हणून त्यांनी अफूचा अर्क, भांग आणि क्लोरोफॉर्म यांचं हे मिश्रण सिद्ध केलं. आज ते औषध मूळ रूपात कुणी घेत नाही, पण शब्द यादीत राहिला आणि शंभरावर वर्षांनी एका सायकलपटूच्या कामी आला.

रिचर्ड्सचं पहिलं विश्वविजेतेपद मुंबईतलं आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं. नोव्हेंबर 2007 मध्ये जागतिक स्क्रॅबल स्पर्धा मुंबईत झाली. अंतिम फेरीत त्याच्यासमोर मलेशियाचा गणेश अशिरवादम होता आणि रिचर्ड्सने सलग तीन डाव जिंकले. त्यानंतर 2011, 2013, 2018 आणि 2019 मध्येही तो जगज्जेता झाला.

2015 मध्ये त्याने फ्रेंच कोश हातात घेतला. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. नऊ आठवड्यांत त्याने फ्रेंच स्क्रॅबलची यादी डोक्यात भरली आणि बेल्जियममध्ये फ्रेंच भाषिकांची जागतिक स्पर्धा जिंकली. 2024 मध्ये स्पेनमधल्या ग्रॅनडा शहरात हाच प्रकार स्पॅनिशमध्ये झाला, आणि चोवीसपैकी एकच डाव त्याने गमावला. त्याचं भाषेचं ज्ञान तोकडं आहे, पण यादी त्याची आहे, आणि या खेळात यादीच निर्णायक असते, हे त्याच्याइतकं कुणी दाखवून दिलेलं नाही.

यंत्राला शिकवलेली यादी

संगणकाच्या जगातही या शोधाचे किस्से आहेत. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत 1970 च्या दशकात ली मॅकमोहन हा संशोधक 'फेडरलिस्ट पेपर्स' या जुन्या लेखसंग्रहातला कोणता लेख कुणाचा, हे शब्दांच्या वापरावरून शोधत होता. मजकूर एवढा मोठा की त्या वेळच्या संपादन-प्रणालीत मावेना. त्याचा सहकारी केन थॉम्प्सन याने त्या प्रणालीतला फक्त शोधण्याचा भाग वेगळा काढला आणि दुसऱ्या दिवशी हातात दिला. तोच 'ग्रेप' हा प्रोग्राम, असं त्यांचा सहकारी ब्रायन कर्निहन सांगतो. 'या या अक्षरांचा, असा असा शब्द दाखव' ही आज्ञा पाळणारं ते हत्यार आजही जगभर रोज वापरलं जातं.

कर्निहन आणि रॉब पाइक यांनी 1984 मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीवर पुस्तक लिहिलं. त्यात हा प्रकार शिकवताना त्यांनी शब्दकोडंच घेतलं आहे. पाचही स्वर एकेकदा आणि वर्णानुक्रमाने येतात असे शब्द कोशातून काढा. उत्तरात 'फॅसिशस', 'ॲबस्टीमिअस' असे मोजके शब्द येतात. मग सहा किंवा जास्त अक्षरांचे, सगळी अक्षरं चढत्या वर्णक्रमाने असलेले शब्द. उत्तरात 'ऑलमोस्ट', 'बायॉप्सी' आणि 'चिंट्झ'. हा चिंट्झ म्हणजे आपलं फुलाफुलांचं चीट. रुक्ष वाटणारा विषय अशा उदाहरणांनी शिकवणारे शिक्षक भेटावेत, तर विद्यार्थ्यांचं भाग्य.

1988 मध्ये ॲन्ड्र्यू ॲपेल आणि गाय जेकबसन यांनी स्क्रॅबल खेळणारा वेगवान प्रोग्राम प्रसिद्ध केला. अडचण अशी होती की लाखभर शब्दांच्या यादीत प्रत्येक चालीला प्रत्येक शब्द लावून बघणं परवडत नाही. त्यांनी यादी झाडासारखी मांडली. 'कार', 'कार्ड', 'कार्ट' यांची सुरुवात एकच, म्हणून खोड एकच ठेवलं आणि फाटे नंतर फोडले. तसंच शेवटाकडून पाहिलं. हजारो शब्द -इंग, -ईडी, -एस यांवरच संपतात, मग त्या टोकांच्या प्रती कशाला, सगळ्या फांद्या एकाच टोकाला आणून जोडल्या. यादी आकसली आणि शोध झटपट झाला. ज्या शेपटांनी बट्सला आणि कोडीकारांना सतावलं, त्यांचाच यंत्राने उपयोग करून घेतला.

पलक शाह यांनी वाचलेले बारा हजार शब्द

'वर्डल' माहीत नाही असा मोबाइलधारक सापडणं कठीण. जॉश वॉर्डल या ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने तो केला. 2013 मध्ये त्याने पहिला नमुना करून पाहिला होता. त्यात कोशातले पाच अक्षरी झाडून सगळे शब्द होते. मित्र खेळायला बसले आणि कंटाळले, कारण उत्तर म्हणून असे शब्द निघत की कुणी जन्मात ऐकलेले नसत. खेळ बाजूला पडला.

कोरोनाच्या काळात वॉर्डल आणि त्याची जोडीदार पलक शाह घरी बसून 'स्पेलिंग बी' सोडवायचे. तिला असे खेळ आवडतात म्हणून त्याने जुनं काम पुन्हा हातात घेतलं. यावेळी यादीचं काम तिच्याकडे गेलं. सुमारे 12,000 पाच अक्षरी शब्द तिने एकेक करून पाहिले. हा मला माहीत आहे, हा नाही. त्यातून सुमारे 2,500 शब्द उरले. वर्डलची उत्तरं या छोट्या यादीतून आली. मोठी यादी फक्त 'तुमचा अंदाज हा खरा शब्द आहे का' एवढं तपासायला राहिली.

1 नोव्हेंबर 2021 ला हा खेळ 90 जण खेळले. दोन महिन्यांनी खेळणारे तीन लाख होते. जानेवारी 2022 च्या अखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तो सात आकडी डॉलर मोजून विकत घेतला. हिरव्या-पिवळ्या चौकटींचं कौतुक सगळीकडे झालं. मला विचाराल तर 2013 चा फसलेला खेळ आणि 2021 चा गाजलेला खेळ यांतला मोठा फरक म्हणजे पलक शाह यांनी केलेली निवड. उत्तर कळल्यावर 'अरे, हा तर माहीत होता!' असं ज्या क्षणी वाटतं, तो क्षण त्या निवडीने दिलाय.

शब्द ठेवायचा की काढायचा

यादी करणाऱ्याला कधीकधी धर्मसंकटात पडावं लागतं. 1990 च्या दशकात व्हर्जिनियातल्या एका बाईंना स्क्रॅबलच्या कोशात ज्यूंना उद्देशून वापरली जाणारी शिवी सापडली. त्यांनी आवाज उठवला. कंपनीने असे शब्द काढायचं ठरवल्यावर शेकडो स्पर्धक विरोधात उभे राहिले. त्यांचं म्हणणं, पटावर शब्दाला अर्थ नसतो, फक्त गुण असतात. अखेर दोन याद्या झाल्या: घराघरांत विकायच्या कोशातून ते शब्द गेले, स्पर्धांच्या यादीत राहिले. पंचवीसेक वर्षांनी वारं बदललं. 2020 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंच्या संघटनेने दोनशेहून अधिक अपशब्द स्पर्धेतूनही काढले, आणि 2021 मध्ये इतर देशांसाठी मॅटेल कंपनीने सुमारे 400.

मला हा बदल योग्य वाटतो. शिवी ज्याला दिली जाते त्याच्यासाठी ती कधीच नुसती गुणांची बाब नसते, आणि तो माणूसही त्याच पटावर समोर बसलेला असू शकतो.

वर्डलवरही अशी वेळ आली. 9 मे 2022 चं उत्तर 'फीटस' होतं, म्हणजे गर्भ. शब्द आदल्या वर्षीच यादीत बसवलेला. पण नेमक्या आदल्याच आठवड्यात गर्भपाताच्या हक्काबद्दलच्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मसुदा फुटला होता आणि देश ढवळून निघाला होता. वर्तमानपत्राने शब्द बदलला. तरी ज्यांच्या फोनवर पान आधीच उघडं होतं, त्यांना जुनंच उत्तर गेलं. एकाच दिवशी दोन उत्तरं! त्यानंतर काही महिन्यांनी वर्डलला स्वतंत्र संपादक मिळाल्या. रोजच्या पाच अक्षरांमागे जागं माणूस लागतं, हे तेव्हा सगळ्यांना पटलं.

यादी कुणाचीही होऊ शकते

2003 चा स्क्रॅबल जगज्जेता थायलंडचा पानुपोल सुज्जयकोर्न होता. 2009 चा पाकोर्न नेमित्रमान्सुक, तोही थायलंडचा. 2015 मध्ये पर्थला नायजेरियाचा वेलिंग्टन जिगेरे जिंकला, आफ्रिकेचा पहिला जगज्जेता. नायजेरियाच्या खेळाडूंनी हिशोब वेगळा मांडला होता. सात अक्षरी शब्दांच्या मागे न धावता पाच अक्षरी शब्दांची यादी घोटायची, पट आवळून धरायचा आणि चांगली अक्षरं पुढच्या चालीसाठी राखायची. इंग्रजी ज्यांच्या घरात बोलली जात नाही अशा माणसांनी इंग्रजी शब्दांच्या खेळात जग जिंकलं, ते याद्यांवर घेतलेल्या मेहनतीने.

मराठी माध्यमातल्या मुलांना मी हे नेहमी सांगते, कारण 'आमचं इंग्रजी कच्चं आहे' हे वाक्य आमची मुलं फार लवकर शिकतात. स्क्रॅबलमध्ये चालणारे दोन अक्षरी इंग्रजी शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत. रोज पाच घेतले तर महिन्याभरात संपतात. शिवाय त्या कोशात आपल्या ओळखीचे पाहुणेही भेटतात: 'लाख', 'घाट', 'घेराव', 'रोटी', 'धोती' हे शब्द रोमन लिपीत तिथे बिनदिक्कत चालतात.

आणि शिक्षकांना माझं एक मनापासून सांगणं आहे. मुलांना कोडी सोडवायला द्या, पण त्याहून आवर्जून कोडी करायला द्या. सोडवणारं मूल सापडतील तेवढे शब्द लिहितं आणि पान उलटतं. तेच मूल कोडं करायला बसलं की कोश उघडतं, सात अक्षरं जुळवतं, मधलं अक्षर बदलून बघतं, हा शब्द मैत्रिणीला येईल का यावर वाद घालतं, आणि त्या खटाटोपात शंभर शब्द कायमचे त्याचे होतात. बट्सला, बॅरनला आणि पलक शाह यांना जे गवसलं ते यादी करतानाच गवसलं. आपल्या वर्गातल्या चाळीस मुलांनाही त्यासाठी फक्त एक कोश, एक वही आणि अर्धा तास लागतो.